मार्थामावशीची साक्ष

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्षीची वेळ असते. प्रवचनाच्या आधी पाळकसाहेब विचारतात, "प्रभूच्या उपकारांची कुणाला साक्ष द्यायची आहे का?" मग एकेक जण उठतो. कुणाच्या मुलाला हिंजवडीत नोकरी लागलेली असते, कुणाचा मुतखडा ऑपरेशनशिवाय पडलेला असतो, कुणाला तळेगावात फ्लॅट मिळालेला असतो. प्रत्येक साक्षीनंतर मंडळी 'हालेलूया' म्हणते आणि मी पेटीवर एक सूर धरतो. अशा या आनंदीआनंदात बायकांच्या बाजूच्या बाकांवरून एक ठेंगणी, सावळी बाई उठायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, "माजं मागणं तेच हाये. पोरीला अजून फिट येती. देव हाये. सगळ्यांना सलाम." आणि खाली बसायची.

यावर हालेलूया म्हणायचं की नाही, हे कुणालाच कळायचं नाही. मीही सूर धरावा की धरू नये या विचारात हात पट्ट्यांवर नुसताच ठेवून बसायचो. नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, बाईंचं काहीतरी चुकलं. जुनी माणसं घड्याळाकडे बघायची. एकदा पाळकसाहेबांनी तिला उपासनेनंतर बाजूला घेतलं आणि हळुवारपणे सांगितलं, "मावशी, साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते सांगायचं असतं." मावशी म्हणाली, "व्हय की. पर त्यानं केलं न्हाई ते मग कुनी सांगायचं?" पाळकसाहेब भला माणूस. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मी लोणावळ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि रविवारी पेटी वाजवतो. माझा विश्वास तसा बेताचाच. वडील पाळक होते, त्यामुळे लहानपणी चर्चची जी सवय लागली ती लागली. पेटी वेदीच्या बाजूला आडवी ठेवलेली असते, म्हणून मला वेदी कमी आणि माणसंच जास्त दिसतात. प्रार्थनेत सगळे डोळे मिटतात तेव्हा मी पुढच्या गीताचं पान शोधत असतो. प्रार्थनेत कोण पेंगतं, कोण मोबाइल बघतं, कोण शेजारणीच्या बांगड्या निरखतं, हे मला पाळकसाहेबांपेक्षा जास्त ठाऊक आहे. अशीच एकदा मार्थामावशीची आणि माझी नजरानजर झाली. तिचेही डोळे उघडेच होते. बाहेर पायऱ्यांवर मी तिला चिडवलं, "काय मावशी, प्रार्थनेत डोळे उघडे?" ती म्हणाली, "मिटलं आन तेवढ्यात पोरगी पडली तर, मास्तर? त्याला ठावं हाये. त्यो काय म्हनत न्हाई." त्या दिवसापासून आमची मैत्री झाली.

मावशीचे वडील खंडाळ्याच्या एका बंगल्यावर स्वयंपाकी होते. येशूच्या गोष्टीतल्या, घरभर कामं करत फिरणाऱ्या बाईचं नाव त्यांनी मुलीला दिलं. "बापानं जल्मताच ड्यूटी लावली," असं ती म्हणायची. लग्न होऊन ती लोणावळ्याजवळच्या औंढ्याला आली. नवरा बंगल्यांना रंग द्यायचा. तो काविळीनं लवकर गेला. तेव्हापासून ती गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरामागच्या दोन खोल्यांत, मुलीला घेऊन राहत होती. गावात किरिस्तावाचं घर एवढं एकच. पण घरमालक आबा आणि त्यांची कारभारीण शेवंताबाई यांनी तिला कधी परकं मानलं नाही. भाताच्या लावणीला ती त्यांच्या खाचरात उतरायची आणि नाताळात तिच्या करंज्या सगळ्या आळीत फिरायच्या. "आमच्या दिवाळीच्या करंजीला मार्थाबाईच्या करंजीची सर न्हाई," असं आबा मुद्दाम शेवंताबाईंना ऐकू जाईल असं म्हणायचे.

शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येऊन राहतात, तसल्या दोन बंगल्यांवर ती कामाला होती. झाडलोट, चादरी, स्वयंपाक, सगळं तिच्याकडे. रविवार म्हणजे बंगलेवाल्यांचा मोसम आणि मावशीचं चर्च. तिनं त्यातून वाट काढली होती. "पावनं रातभर जागत्यात आन धा वाजेपातुर उठत न्हाईत. तवर मी देवाचं उरकून येते," असं ती सांगायची. पहाटेच कांदा चिरून, पोहे भिजवायची तयारी करून, मुलीला घेऊन ती चालत निघायची. उपासना संपली की लोक बाहेर चहा पीत बोलत उभे राहतात. मावशी तेव्हा निम्म्या रस्त्यात पोचलेली असायची.

एका पावसाळी रविवारी मात्र ती अडकली. आमच्याकडचा पाऊस वरून कमी आणि आडवाच जास्त येतो, छत्रीचा काही उपयोग नसतो. पाळकसाहेबांनी त्या दिवशी देव हा आपला गड आहे, दुर्ग आहे, यावर जोरदार प्रवचन केलं होतं. पोर्चमध्ये भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या मावशीला मी विचारलं, "कसं झालं प्रवचन?" ती म्हणाली, "झाकच झालं. पर गडाचं काय मला पटलं न्हाई. गडावर आता कोन ऱ्हातं? त्या लोहगडावर समदं पब्लिक फोटू काडाया जातं. देव म्हंजी आडोसा, मास्तर. पाऊस काय थांबत न्हाई, पर घटकाभर टेकाया व्हतं." मी वडिलांची शेकड्यांनी प्रवचनं ऐकली आहेत. त्यांतलं एकही मला आता आठवत नाही, हे वाक्य आठवतं.

तिच्या मुलीचं नाव कृपा. आईच्या दुप्पट, उंच, हाडापेरानं मोठी, आणि हसणं असं की बाहेर रस्त्यावर ऐकू जावं. मी पेटीवर चुकलो की सगळ्या चर्चमध्ये एकटी कृपा हसायची. सातवीत असताना तिला वर्गात पहिली फिट आली आणि पुढच्या वर्षी शाळा सुटली. पुण्याच्या सरकारी दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या मिळत. त्या गोळ्यांनी फिट कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत. शिवाय त्यांच्यामुळे ती दिवसभर गुंगलेली असायची, आणि हिरड्या सुजायच्या. त्यामुळे हसताना तिनं तोंडावर हात धरायची सवय लावून घेतली होती. चर्चमध्ये फिट आली की कुणी कांदा शोधायचं, कुणी चप्पल काढायचं. मावशी सगळ्यांना हातानंच लांब सारायची, पोरीला कुशीवर वळवायची आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहायची. पाळकसाहेब थांबत. "तुमी चालू ठेवा," ती खालूनच सांगायची, "हिचं व्हईल हळूहळू."

स्थळं यायची. फिटचं कळलं की जायची. मावशीला त्याचं फारसं दुःख नव्हतं. तिची काळजी निराळीच होती आणि ती तिनं माझ्यापाशी उघड बोलून दाखवली होती. "मी हाये तवर हिला धरते. माज्या मागं हिला कोन धरंल? मास्तर, मी त्याच्याकडं दोनच मागते. एकतर हिला नीट कर. न्हाईतर मला हिच्याआदी नेऊ नको. दोनातलं कुठलं बी दे, माजी कायबी तक्रार न्हाई." अशी मुलं असलेल्या आयांच्या मनात हेच असतं, पण इतकं सरळ मागणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

एका वर्षी नाताळ झाल्यावर गावाबाहेरच्या एका लग्नाच्या लॉनवर जागृती सभा झाल्या. बाहेरून एक मोठे उपदेशक आले होते. पांढरा सूट, स्वतःचे गायक, स्वतःचे कीबोर्डवाले. माझ्या पेटीला कुणी विचारलं नाही, म्हणून मी निवांत मागच्या खुर्चीवर बसलो होतो. शेवटच्या संध्याकाळी आजाऱ्यांना पुढं बोलावलं. कृपा उठून गेली. उपदेशकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्यानं प्रार्थना केली आणि जाहीर केलं, "हे लेकरू आज मोकळं झालं!" मग माइकवरून सगळ्यांना म्हणाले, "एक पाय होडीत आणि एक काठावर ठेवून नदी पार होत नाही. खिशात गोळ्या आणि तोंडात विश्वास, हे चालणार नाही."

मावशी परतताना माझ्याबरोबर होती. ती काही भारावलेली दिसली नाही. "गोळी बी त्यानंच करवली आसंल की कुनाकडनं तरी," एवढंच ती म्हणाली. गोळ्या बंद करायचा तिचा विचार अजिबात नव्हता. विचार कृपाचा होता. गुंगीत दिवस काढून, तोंडावर हात धरून ती पोरगी विटली होती. घरी गेल्यावर तिनं आईला विचारलं, "आई, तू दर म्हयन्याला उठून देव हाये म्हनतीस. हाये तर मग एकदा त्याच्यावर सोड की." मावशीनं आयुष्यभर सगळ्यांना उत्तरं दिली, पाळकसाहेबांनाही दिली. त्या दिवशी पोरीला द्यायला तिच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी कृपानं गोळ्या ओढ्यात टाकल्या आणि मावशी बघत उभी राहिली.

आणि फिट आली नाही. एक महिना गेला, दुसरा गेला, उन्हाळा लागला. कृपाची गुंगी उतरली तशी एक वेगळीच मुलगी आतून बाहेर आली. चटपटीत, बडबडी. गायकवर्गात आली आणि माझ्यापाशी बसून दुसरा सूर शिकली. शेवंताबाईंच्या लेकीच्या स्कूटीवरून औंढ्याच्या रस्त्यानं हिंडायला लागली. तोंडावरचा हात गेला. प्रार्थनेच्या वेळी मी पान शोधताना वर पाहिलं तर मावशीचे डोळे चक्क मिटलेले. माझा विश्वास बेताचा आहे असं मी वर म्हटलं, पण त्या दिवसांत तो थोडा वाढला होता, हे मान्य केलं पाहिजे.

पहिल्या रविवारी मावशी उठली. पदर सारखा केला. मग म्हणाली, "माजं मागणं मिळालं. पोरगी नीट झाली." मंडळी उभी राहिली. असा हालेलूया झाला, की रस्त्यावरून चाललेले पर्यटक दारात येऊन बघायला लागले. मी सूर धरला तो सोडलाच नाही, भाता मारून मारून हात भरून आला. पुढच्या आठवड्यात उपदेशकांची माणसं कॅमेरा घेऊन आली. चर्चच्या पायऱ्यांवर मायलेकींना बसवून त्यांनी व्हिडिओ काढला आणि तो कामशेतपासून खंडाळ्यापर्यंत सगळ्या किरिस्ताव घरांतल्या फोनवर फिरला. तो बघून कामशेतहून कृपाला स्थळ आलं. फरशीच्या दुकानातला मुलगा, घरचं नीटनेटकं.

पावसाळ्याच्या तोंडाला कृपाला पुन्हा फिट आली. घरात, पीठ मळताना. मग आणखी एक. हे मला आणि सगळ्यांनाच पुष्कळ नंतर कळलं, कारण मावशीनं ते लपवलं. कृपाला तिनं गायकवर्गातून काढलं, घसा बसलाय म्हणाली. मागच्या बाकावर, भिंतीच्या कडेला तिला बसवायला लागली. मावशीचे डोळे पुन्हा उघडे राहू लागले, एवढं मला दिसलं. त्याचा अर्थ मागाहून लागला.

गोळ्या आणायच्या तर पुण्याला जायला हवं. आमची अर्धी मंडळी रेल्वेत. तिकिटाच्या खिडकीत आमच्याच चर्चच्या वडीलमंडळातले एक सदस्य, फलाटावर आमचाच टीसी, लोकलच्या डब्यात बायकासंघाची कुणीतरी हमखास भेटणार. "कुठं निघालात मावशी? कृपा कशी आहे?" असं विचारलं तर काय सांगायचं? पुढच्या मळवली स्टेशनापर्यंत चालत जाऊन तिथून गाडी पकडायची, असं तिनं ठरवलं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, बंगल्यावर पाहुणे आलेत, पाऊस फार आहे, असं करता करता दिवस गेले. वेदीसमोर उभं राहून दिलेला शब्द माघारी घ्यायचा म्हणजे काय, हे आमच्यात वाढलेल्या माणसालाच कळेल. एखादा माणूस विश्वासातून गळाला, असं आम्ही म्हणतो, तेव्हा तो मेला असं म्हणण्यापेक्षाही हळू आवाजात म्हणतो.

एका सोमवारी पाहुणे गेल्यावर मायलेकी बंगला आवरायला गेल्या. मावशी वर चादरी काढत होती. कृपा खाली पोहण्याच्या तलावातला पालापाचोळा जाळीनं काढत होती. रोजचंच काम होतं. मावशी चादरींचं गाठोडं घेऊन खाली आली तेव्हा जाळी काठावर पडली होती. पाणी छातीइतकंच होतं. मावशी आत उतरली, पोरीला तिनं काठापर्यंत ओढत आणलं, पण कृपा तिच्या दुप्पट होती, ती वर घेता आली नाही. माळी येईपर्यंत मावशी पाण्यात तिला धरून उभी होती.

कब्रस्तानात सगळं औंढं आलं होतं. आबा टोपी हातात धरून उभे होते. अशा वेळी जे म्हणतात ते पाळकसाहेब म्हणाले. बायकासंघातलं कुणीतरी मावशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणालं, "कृपा आता खरी बरी झाली, मावशी." मावशीनं मूठभर माती टाकली आणि शेवंताबाईंचा हात धरून निघाली. गीत म्हणायचं होतं. कब्रस्तानात पेटी नसते आणि मला ते बरं वाटलं.

पुढं काही दिवसांनी मी औंढ्याला गेलो. मावशी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिनं मला सगळं सांगितलं, गोळ्यांपासून मळवलीच्या बेतापर्यंत, एका सुरात, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. लोक म्हणत होते की मावशीनं स्थळासाठी लपवलं. मी तसं विचारलं नव्हतं, पण ती स्वतःच म्हणाली, "स्थळाचं काय, तसली चार आली आन गेली. मला वाटलं, त्याचं नाव खाली जाईल. लोक म्हनतील, देवानं दिलं आन काडून घेतलं. जल्मभर त्याची अब्रू मी कवा राखली न्हाई, तोंडावर बोलत आले. एकदाच राखाया गेले, मास्तर." मग तांदळातला खडा काढून तिनं बाहेर टाकला आणि म्हणाली, "दोन मागणी व्हती ना माजी. दुसरं दिलं त्यानं. मला हिच्याआदी नेलं न्हाई."

मला यावर काही बोलता आलं नाही. आजही येत नाही. ज्यांना येतं त्यांच्याविषयी मला आदर आहे आणि थोडी भीतीही वाटते.

तो व्हिडिओ फोनांवर फिरतच होता. मी उपदेशकांच्या कार्यालयात फोन केला. एक गोड आवाजाची मुलगी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "ब्रदर, विश्वासात कुठंतरी कमी राहिली असेल. आम्ही प्रार्थना करू." व्हिडिओ काही निघाला नाही. मावशीकडे साधा बटणांचा फोन होता. एकदा तिनं मला तो व्हिडिओ माझ्या फोनवर दाखवायला सांगितला. मायलेकी पायऱ्यांवर बसल्या होत्या, कृपा कॅमेऱ्याकडे बघून मोकळी हसत होती. "तोंडावर हात न्हाई तिच्या," मावशी म्हणाली. शेवटपर्यंत बघितलं आणि फोन माझ्या हातात परत दिला.

भाजे गावची रेश्मा आमच्याच मंडळीतली, तरुण मुलगी. तिच्या छोट्या मुलीला लहानपणापासूनचा मधुमेह, रोज सुई टोचावी लागते. तिनं तो व्हिडिओ पाहून उपास धरला होता आणि आता मुलीची सुई बंद करणार होती, हे तिच्या सासूनं रडत रडत पाळकबाईंना सांगितलं. ते मावशीच्या कानावर गेलं. पुढच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी साक्षीसाठी विचारलं आणि मावशी उठली. ती म्हणाली, "मी दिलेली साक्ष खोटी व्हती. पोरीला फिट येत व्हती आन मी झाकून ठेवलं. म्हनून ती गेली. माजी साक्ष मी माघारी घेते. ती बघून कुनी औषद सोडू नका." या वेळी 'देव हाये' असं ती म्हणाली नाही. खाली बसली.

उपासना संपल्यावर पायऱ्यांवर रेश्मानं तिला गाठलं. माणसं आजूबाजूला चहाचे कप घेऊन उभी होती. रेश्माचा चेहरा लाल झाला होता. "मावशी, तुमचा विश्वास कमी पडला," ती म्हणाली. "म्हणून माझ्या लेकरासाठी देवाला कमी समजायचं का मी?" कुणीतरी "अगं, अगं" म्हणालं. "कमी पडला आसंल, बाय," मावशी म्हणाली. "तुजा भरपूर आसू दे. पर सुई दे तिला." रेश्मा तोंड फिरवून निघून गेली. सासू मात्र थांबली. तिनं नातीचं बोट धरलं, आणि दुपारच्या जेवणाआधी सुई टोचली गेली, हे मला नंतर समजलं. मुलगी आता शाळेत जाते. रेश्मा दुसऱ्या मंडळीत जाते आणि बाजारात मावशी दिसली तर रस्ता बदलायची. आमच्या कार्यकारिणीतही असा एक सूर निघाला, की साक्ष माघारी घ्यायची आपल्यात पद्धत नाही, आधी समितीला कळवायला हवं होतं. समित्या कुठल्याही धर्माच्या असोत, सारख्याच.

मावशी त्यानंतरही दर रविवारी येत राहिली. साक्षीला उठली नाही, गीत म्हटलं नाही, प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढं गेली नाही. नुसती येऊन बसायची. मला राहवलं नाही. मी विचारलं, "मावशी, आता कशाला येता?" माझ्या विचारण्यात थोडा राग होता, तिच्यावरचा नव्हे. ती म्हणाली, "जाऊ कुटं दुसरीकडं? घरात बसलं की पोरीची वाट बघते. हितं बसलं की कुनाची वाट बघत न्हाई." मी म्हटलं, "प्रार्थना करता?" "न्हाई," ती म्हणाली. "त्यालाबी ठावं हाये मी करत न्हाई ते. बसू देतो." एवढ्याशा जागेवर तिनं काही वर्षं काढली. याला विश्वास म्हणायचं की नाही, हे मला ठरवता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. शेवंताबाईंनी तिला स्वतःच्या पडवीत, उन्हाच्या बाजूला खाट टाकून दिली आणि सख्ख्या बहिणीचं करावं तसं तिचं सगळं केलं. पाळकसाहेब आणि मी भेटायला गेलो. मावशी चादरीखाली एवढीशी झाली होती. पाळकसाहेबांनी शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, काढलं, चष्मा लावला आणि तिच्या कपाळावर हात ठेवून नेहमीच्या मायेनं विचारलं, "मावशी, तुमच्यासाठी प्रभूकडे काय मागू?"

ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "काय मागू नका, साहेब. मागून मागून मी बी दमले, त्यो बी दमला आसंल. नुसतं बसा हितं."

मागणं हेच ज्यांचं आयुष्यभराचं काम, त्या माणसाला हे सोपं गेलं नसणार. त्यांचे ओठ दोनदा हलले. मग त्यांनी चष्मा काढला, शास्त्र पिशवीत ठेवलं आणि खाटेजवळ जमिनीवर मांडी घातली. मी त्यांच्या शेजारी बसलो. शेवंताबाई चुलीपुढचं काम टाकून पायाशी येऊन बसल्या. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथं होतो आणि आमच्यापैकी कुणीही तिच्यासाठी काहीही मागितलं नाही.